न झाडलेली गोळी

“बाळ कडेवर आहे म्हणून घरात घेतलं, मॅडम. नाहीतर कमानीखालूनच परत लावणार होतो तुम्हाला.”

संपतराव धुमाळांनी हे खुर्ची पुढे सरकवत सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही. मी बसले, मुग्धाला मांडीवर घेतलं आणि पहिलं काम केलं ते तिच्या मानेला हात लावून बघण्याचं. सात महिन्यांची होती तेव्हा. अंग तापलं होतं. एसटीच्या पत्र्याची झळ की ताप, ते कळत नव्हतं, आणि त्या घरात ते कुणाला विचारायची सोय मी आल्या आल्याच घालवून बसले होते.

झालं होतं असं, की वाडीच्या तोंडाशी नवी कमान उभी होती. दुसऱ्या दिवशी आमदारांच्या हस्ते तिचं उद्घाटन होतं. बांबूच्या परांचीवर बसून एक पेंटर लाल रंगात अक्षरं काढत होता आणि खाली उभे राहून संपतराव त्याला मजकूर वाचून दाखवत होते. “हुतात्मा यशवंत धुमाळ. मलायाच्या किनाऱ्यावर जपानी गोळी छातीवर झेलून...” आणि मी, नुकती एसटीतून उतरलेली, एका खांद्यावर बाळाची पिशवी आणि दुसऱ्यावर कागदांची, नमस्कार करायच्याही आधी बोलून गेले, “पण तिथे गोळी चाललीच नव्हती हो.”

पेंटरचा ब्रश थांबला.

त्या वर्षी मी पीएच.डी. करत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला इंग्रजांनी मलायाच्या किनाऱ्यावर समुद्रातून मोठी फौज उतरवली. त्या फौजेत आपल्याकडची मराठा पोरंही होती. त्यांच्यावर मी काम करत होते. सगळी तयारी जपान्यांशी लढायची होती. प्रत्यक्षात उतरायच्या आधीच जपानने शरणागती पत्करली. तरीही ठरल्याप्रमाणे फौज उतरवली गेली. समोर शत्रू नव्हता. होता तो चिखल. वरून घट्ट दिसणाऱ्या वाळूखाली गाड्यांची चाकं रुतली, माणसं छातीइतक्या पाण्यातून चालली. हे सगळं मला तोंडपाठ होतं. माझे गाइड मात्र म्हणत, “जहाजं आहेत, सेनापती आहेत, भरतीओहोटी आहे. माणूस कुठाय तुमच्या प्रबंधात?” बाळंतपणात दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. तिसरी मिळणार नव्हती. त्या मोहिमेत गेलेल्या एका शिपायाची बायको जिवंत आहे असं कळलं, म्हणून मी बाळाला घेऊन साताऱ्याच्या बाजूच्या ह्या डोंगरातल्या वाडीत आले होते.

“हं, बोला आता,” संपतराव म्हणाले. साठीचे, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. “गोळी चालली नाही. मग आमचे चुलते कशाने गेले?”

“बहुतेक पाण्यात. चिखलात पाय रुतला असेल. पाठीवर ओझं, हातात बंदूक...”

“पाण्यात!” ते हसले. त्या हसण्यात ओलावा नव्हता. “अहो, यशवंतअण्णा कृष्णेच्या पुरात उडी टाकून पलीकडच्या काठाला जायचे. पैजा लागायच्या. खालच्या गावात म्हातारी माणसं अजून सांगतात. तो माणूस छातीभर पाण्यात बुडाला म्हणता?”

“चिखलात पोहता येत नाही.”

“चिखलात म्हैस रुतते, मॅडम. धुमाळ रुतत नाहीत.”

आतून त्यांच्या बायकोने, शालनताईंनी, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी पिशवीतली उकळलेल्या पाण्याची बाटली काढली, तसं त्यांचं तोंड बारीक झालं. “आमचं पाणी चालत नाही वाटतं. आमची पोरं ह्याच पाण्यावर वाढली.”

“बाळासाठी फक्त,” मी म्हणाले.

भिंतीला टेकून एक म्हातारी सुपात हुलगे निवडत बसली होती. पांढरं कपाळ, मोकळे हात, विरलेलं नऊवारी. तिने मान वर केली नव्हती, पण गोळीचा विषय निघाल्यापासून तिची बोटं थांबलेली मी पाहिली होती.

“ह्या भागूकाकू,” संपतराव म्हणाले. “अण्णांच्या मागं ह्याच घरात राहिल्या. मूलबाळ नाही. माझी आई गया आणि ह्या सख्ख्या जावा. आईवडील गेल्यापासून सगळं मीच बघतो ह्यांचं. काय विचारायचं ते माझ्यासमोर विचारायचं.”

मी टेपरेकॉर्डर सुरू केला. “आजी, ते घरून निघाले तो दिवस आठवतो का तुम्हाला?”

“फोनवर सांगितलंय मी ते,” संपतराव म्हणाले.

“काही बोलले होते का जाताना?”

“आई-बाप, कुलदैवत, सगळ्यांच्या पाया पडून गेले.”

“मी आजींना विचारतेय.”

“त्या वेगळं काय सांगणार?”

आजी हुलग्यांतला खडा काढून बाजूला ठेवत म्हणाली, “मग काय तर. तूच सांग की समदं. तूच गेला हुतास लढायला.”

शालनताई तोंडाला पदर लावून आत गेल्या. संपतरावांनी टेपरेकॉर्डरचं बटण स्वतःच्या बोटाने बंद केलं. “हे बघा, मॅडम. तुम्ही विद्यापीठातल्या. तुम्ही उद्या स्टेजवर यायचं आणि एवढंच सांगायचं, की अभ्यास केला, गोळीने गेले हे खरं आहे. मग काकूंशी बसा बोलत पाहिजे तेवढं. नाहीतर परतीची एसटी आहे. पेंटर खोळंबलाय माझा.”

सौदा स्वच्छ होता. प्रबंधाचं प्रकरण हवं तर गोळी द्या.

तेवढ्यात मुग्धा रडायला लागली. साधं रडणं नव्हतं ते, श्वास अडकवून, तोंड लाल करून रडत होती. पाठ उघडी केली तर घामोळं उठलं होतं, मानेपासून कमरेपर्यंत. इथून दवाखाना किती लांब, गाडी कुणाची मिळेल, ह्या माणसाकडे ती मागायची कशी, एवढं सगळं एकदम डोक्यात आलं.

“काय न्हाय,” म्हातारी सूप बाजूला ठेवून उठली. “उन्हानं भाजलंय पोर. आण हिकडं. न्हाऊ घालते.”

“काकू, तुम्ही नका,” शालनताई आतून धावत आल्या. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात, पण म्हातारीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “विधवा बाई आहेत. कूस उजवली नाही कधी. तान्ह्या लेकराला कशाला त्यांचा हात लावायचा? मी घालते.”

मला कशाचा राग जास्त आला हे आता सांगता येणार नाही. मी मुग्धाला उचललं आणि म्हातारीच्या हातात दिलं.

न्हाणीघर मागच्या अंगाला होतं. तीन बाजूंनी दगडी भिंत, चौथ्या बाजूला पत्र्याचं दार. आजीने दार लोटून कडी घातली, हंड्यातलं पाणी तांब्याने ढवळलं, कोपर बुडवून पाहिलं. मीही बुडवून पाहिलं. “परत बघ हवं तर,” ती म्हणाली. मी परत पाहिलं.

पाटावर बसून तिने नऊवारी मांडीपर्यंत खोचलं, पाय लांब पसरले आणि मुग्धाला पायांवर पालथं घातलं. पहिला तांब्या पाठीवर गेला तशी पोर दचकली, मग गप्प झाली. म्हातारीचा तळवा मानेखाली असा सरकला, की डोकं एकदाही लटकलं नाही. मी भिंतीला टेकून एकेक हालचाल बघत होते. कुणी माझ्या मुलीला हात लावला की मी तशीच बघायचे, आईने लावला तरी.

म्हणून मला ते दिसलं. ती तांब्या भरायला वाकली, पदर सरकला, आणि चोळीखाली, पोटाच्या सुरकुत्यांत, बारीक चंदेरी रेघा दिसल्या. सुकलेल्या ओढ्यासारख्या, खालून वर गेलेल्या. तशाच रेघा मी रोज सकाळी माझ्या अंगावर बघत होते. माझ्या ताज्या होत्या, जांभळ्या. त्या म्हातारपणाच्या सुरकुत्या नव्हत्या. मला त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

मी मुग्धाचं दुपटं उलगडून खांद्यावर टाकलं.

“पाण्यात गेला म्हनतीस?” तिने विचारलं. नजर बाळावर.

“असं वाटतं. तिथे गोळीबार झाला नाही हे मात्र नक्की, आजी.”

“पानी किती हुतं?”

“छातीइतकं. काही ठिकाणी गळ्याइतकं. खाली चिखल.”

तिने मुग्धाला उताणं केलं, छातीवर हाताची वाटी धरून पाणी सोडलं. “पान्याला लई भ्यायचा. इहिरीत कवा उतरला न्हाय. दिवाळीला मीच त्येला त्याल लावून न्हाऊ घालायची. डोक्यावर तांब्या वतला की किंचाळायचा, वैनी मेलो, वैनी मेलो.”

“वहिनी? तुम्ही मिस्टरांबद्दल सांगताय ना?”

“कुनाचं मिस्टर? कोंडिबा. धाकला दीर माझा.”

“पण लढाईत यशवंत गेले होते...”

“भरतीत नाव यशवंताचं लागलं. गेला कोंडिबा.”

हे तिने इतक्या सरळ सांगितलं, की मला ते पुन्हा विचारावं लागलं. मग तिने तांब्यामागून तांब्या घालत सांगितलं. साताऱ्याच्या मैदानावर थोरला भाऊ भरतीत निवडला गेला. नाव, गाव, बापाचं नाव लिहून घेतलं, आणि आठवड्याने हजर व्हायला सांगितलं. घरी आल्यावर त्याने हाय खाल्ली. जेवेना, उठेना. पुरात उडी टाकणारा गडी बंदुकीच्या नुसत्या नावाने ओकायला लागला. हजर झाला नाही तर पोलीस येणार. सासऱ्याने धाकट्याला उभं केलं. दोघं तोंडावळ्याने सारखे. कोंडिबाला मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं, गयेशी लग्न होऊन वर्ष झालेलं. तो थोरल्याचं नाव घेऊन गेला आणि थोरला त्या दिवसापासून कोंडिबा होऊन घरात राहिला. पोर परत आला, की अदलाबदल मोडायची असं ठरलं होतं.

“मंग तार आली. यशवंत धुमाळ मेला.”

“मग तुमचे यजमान...”

“कनगीमागं बसले हुते. आन मामंजींनी हितं भाईर, उंबऱ्यावर, समद्यांसमोर माझ्या बांगड्या फोडल्या. कपाळ पुसलं. खोटं नाव सांगितल्यालं उघडं पडलं असतं तर दोगंबी सरकारचे चोर झाले असते. मामंजी म्हनले, यशवंता मेला. राहिला त्यो कोंडिबा.”

“आणि गयाबाई?”

तिचा हात थांबला. “तिचा मेला हुता ना खरा. पर तिला रडायची चोरी. कपाळाला कुकू लावून ती आत तोंडात पदर कोंबून बसली. मी भाईर गळा काढला. लई मोठ्यानं. तिचा आवाज कुनाला ऐकू जाऊ नये म्हनून.”

दारावर थाप पडली. पत्रा दणाणला.

“काकू! काय चाललंय एवढा वेळ?”

“पोराची टाळू भरतीय!” ती ओरडली. “बायकांच्या न्हानीत येतोस का काय, मुडद्या? लाज हाय का?”

“मॅडमना म्हणावं, एसटी चुकेल!”

“चुकू दे! तुझ्या घरात न्हाय, माझ्या शेजारी निजंल!”

त्या चंदेरी रेघा माझ्या डोक्यातून जात नव्हत्या. आता राहवेना. “आजी, तुम्हाला मूल झालं होतं.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझी नजर जिथे होती तिथे पाहिलं आणि पदर ओढून घेतला.

“आत्ता दारावर थाप मारली ना,” ती म्हणाली, “त्यो.”

पुढचं तिने अगदी हळू सांगितलं. पांढऱ्या कपाळाला पोट दिसायला लागलं. नवरा हयात, त्याच घरात, पण जगाला तो दीर. गयेने पोटाला चिंध्या बांधल्या आणि वाडीभर फिरली. भागू मळ्यातल्या खोपीत राहिली. पोर झालं तसं गयेच्या कुशीत ठेवलं. दूध हिने पाजलं, वैरणीच्या खोलीत चोरून. वाडीतल्या जुन्या माणसांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी तोंडं शिवली आणि एकेक करून ती मरून गेली.

“मग गोळी?”

“ती ह्यांनी काढली. दर साली पोरांना सांगायचे, यशवंताला हितं गोळी बसली. आन सोताच्या छातीवर बोट ठिवायचे.” तिने ओल्या बोटाने आपल्या छातीवर जागा दाखवली. “मरस्तवर दाखवायचे.”

“मी जे खरं आहे ते लिहायला आलेय, आजी.”

“लिव्ह. मंग लोक म्हनतील, पुरात पोहनारा यशवंता बुडला कसा? मंग बुडला त्यो कोन? मंग राहिला त्यो कोन? मंग संपत कुनाचा?” तिने मुग्धाचं नाक चिमटीत धरून साफ केलं. “गोळीनं मेला म्हटलं की म्होरं कुनी इचारत न्हाय बग. त्येला ह्यातलं काय ठावं न्हाय. पळपुट्याचं, रांडमुंडीचं पोर म्हनून घ्यावं का ह्या वयात त्येनं?”

“मग मला का सांगितलंत?”

“तू म्हनलीस ना, पान्यात. इतकी सालं मी म्हनत हुते, गोळी लागली, झटक्यात गेला. सुटला.” हंड्यात शेवटचा तांब्याभर पाणी उरलं होतं. ते तिने भरून घेतलं, बाळावर न घालता हातात धरलं. “त्येला पानी कुनी दिलं न्हाय कवा. तर्पन झालं ते थोरल्याच्या नावानं, आन थोरला आत बसून जेवला. म्हटलं आज तरी द्यावं, कोंडिबा म्हनून.” तांब्या वाकडा झाला, आणि पाणी पडायच्या आत तिने तो सरळ केला. “नगं. पान्याला भीत हुता.”

तिने तो भरलेला तांब्या कोपऱ्यात ठेवून दिला.

मुग्धाला ओव्याची धुरी देऊन, दुपट्यात गुंडाळून आजीने माझ्या हातात दिलं, तेव्हा ती झोपली होती. पाठ थंड होती. मी अंगणात आले. संपतराव न्हाणीच्या भिंतीलगत, बैलगाडीच्या जुवावर बसले होते.

“काय बोलली?”

“बाळाला पाणी कसं घालायचं ते सांगत होत्या.”

“मॅडम, दार पत्र्याचं आहे.”

मी बाळाला घट्ट धरलं. आजी आत शेगडीतले निखारे विझवत होती. चर्र आवाज येत होता.

“तुम्ही ऐकलंत,” मी म्हणाले. “आज पहिल्यांदाच...”

“पहिल्यांदा?” त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. “गयाआई गेली तेव्हा सांगून गेली. माझी पोरं शाळेत होती त्या वेळी. आजचं नाही ते.”

“आणि तुम्ही त्यांना अजून काकू...”

“मग काय करू? उद्या आमदारांसमोर आई म्हणून हाक मारू? मला कळलंय हे तिला कळलं, तर दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर यायची नाही ती. तोंड घेऊन मळ्यात जाऊन राहील, ह्या वयात. तिच्या हातची भाकरी खातो मी दोन्ही वेळा. बायकोला करू देत नाही. भांडणं होतात त्यावरून घरात.” ते उठले. आवाज परत पहिल्यासारखा झाला. “आता नीट ऐका. तुम्ही स्टेजवर येऊ नका, काही सांगू नका. पण ह्यातला एक शब्द जरी छापलात, तर तुमच्या विद्यापीठात येऊन, तुमच्या साहेबांच्या टेबलासमोर तुमची अब्रू काढीन. बाळ आहे का म्हातारं आहे, बघणार नाही. कळलं?”

“कळलं.”

“रेकॉर्डरमध्ये काय आहे?”

“तुमचाच आवाज.”

त्यांनी मान हलवली. मी पिशव्या उचलल्या. ते माझ्याबरोबर कमानीपर्यंत आले, सोबत म्हणून नव्हे, मी जाते की नाही ते बघायला. वाटेत एकदाच बोलले, समोर बघत. “खाली चिखल होता म्हणालात. लगेच जातो का माणूस तसा?”

मला ते माहीत नव्हतं. कागदांत ते नसतं. “लगेच,” मी म्हणाले.

कमानीवर अक्षरं ‘जपानी’पाशी थांबली होती. पेंटर वरून ओरडला, “मालक, काय ठरलं? रंग वाळतोय. लिहू का गोळी?”

संपतरावांनी माझ्याकडे पाहिलं. पेंटरनेही पाहिलं. मी दुपट्याचं टोक मुग्धाच्या डोळ्यांवर ओढलं आणि ते नीट बसलं की नाही, ते बघत राहिले.

“लिही,” संपतराव म्हणाले.

माझं ते प्रकरण माणसाशिवायच गेलं. त्या किनाऱ्यावर गोळी चालली नाही, एवढं मी लिहिलं. कोण बुडालं ते लिहिलं नाही. गाइडनी समासात प्रश्नचिन्ह काढलं, मी ते तसंच राहू दिलं. संपतराव आणि आजी दोघंही आता नाहीत, म्हणून आज नावगाव बदलून हे कागदावर उतरवते आहे. मुग्धा परवा विचारत होती, मी पाण्याला भ्यायचे का गं लहानपणी? नाही म्हटलं.

त्या दिवशी एसटी वळणावर दिसली तेव्हा मी मागे पाहिलं. भागूआजी घरातून चालत कमानीपर्यंत आली होती, अनवाणी, हातात मुग्धाचं विसरलेलं टोपरं. ते तिने मला दिलं नाही, संपतरावांच्या हातात दिलं, आणि त्यांनी माझ्याकडे न बघता ते पुढे केलं. वर पेंटर ‘गोळी’ची वेलांटी ओढत होता.

“काकू, आत जा,” संपतराव तिच्यावर खेकसले. “पाय भाजतील.”

“जाते रं बाबा,” ती म्हणाली.